एकाच कंटेनरमध्ये टाइल्स, कमोड, दारे आणि ग्रॅनाइट : भारतातून नैरोबीला बांधकाम साहित्य पाठवण्याविषयी

नैरोबीकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही बरीच वर्षे नैरोबीत स्थायिक आहोत आणि शहराच्या उत्तरेला, किआंबूच्या बाजूस, आठ सदनिकांची एक लहान इमारत बांधत आहोत. येथील पद्धतीप्रमाणे घडीव दगडाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, स्लॅब पडले आहेत आणि आता फरशी, न्हाणीघरांचे सामान, दारे आणि दिवे यांची खरेदी करावयाची आहे. हे सर्व येथेही मिळते आणि त्यातले बरेचसे भारतातूनच आलेले असते. परंतु आठ सदनिकांना पुरेल इतका माल एकदम घ्यायचा असल्यामुळे तो थेट भारतातून मागवावा, असा विचार आहे.

यादी अशी आहे. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या फरशीच्या टाइल्स ६०० चौरस मीटर आणि ३०० बाय ६०० च्या भिंतीच्या टाइल्स ३५० चौरस मीटर, दोन्ही गुजरातमधील मोरबीहून, १६ कमोड, १६ बेसिन आणि त्यांना लागणारे नळ व शॉवर, भोसरीच्या एका कारखान्यातून ३५ मिलिमीटर जाडीची ५० फ्लश दारे, स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी १८ मिलिमीटरचे ग्रॅनाइट सुमारे ६० चौरस मीटर, टाइल चिकटवण्याच्या मिश्रणाची २० किलोची २०० पोती, दिवे, आणि रंगाच्या २० लिटरच्या ४० बादल्या, शिवाय दारांसाठी थोडे पॉलिश.

माझे प्रश्न तीन आहेत. हे सर्व २० फुटी एकाच कंटेनरमध्ये बसेल का आणि बसत असले तरी एकत्र न्यावे का? कंटेनर मोरबीत भरावा, की सगळा माल पुण्यामुंबईकडे आणून न्हावा-शेवाहून पाठवावा? आणि विक्रेते पाच असताना कागदोपत्री निर्यातदार कोणाला करावे? माझे धाकटे दीर भोसरीत असतात आणि धावपळ करण्यास तयार आहेत, मात्र निर्यातीचा अनुभव त्यांना नाही.

उरणचा फॉरवर्डर

ताई, आपण यादी मापांसकट दिलीत हे फार बरे झाले, कारण या प्रश्नात सर्वांत आधी वजनाचा हिशेब करावा लागतो आणि तो नुसत्या वस्तूंच्या नावांवरून करता येत नाही.

२० फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो, म्हणजे त्यात ३३ घनमीटर जागा असते; प्रत्यक्षात मिश्र माल भरताना त्यातली २७-२८ घनमीटरच वापरता येते. आज वापरात असलेल्या बहुतेक कंटेनरांचे मालासह कमाल वजन ३०,४८० किलो आणि रिकामे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते, त्यामुळे मालासाठी साधारण २८ टन उरतात. हे आकडे प्रत्येक कंटेनरच्या दारावर रंगवलेले असतात. मात्र शिपिंग कंपनी स्वतःची मर्यादा याहून कमी ठेवू शकते किंवा ठरावीक वजनापुढे जादा आकार लावू शकते, म्हणून भाड्याचा दर मागतानाच वजन सांगून उत्तर लेखी घ्यावे.

आता नुसत्या टाइल्स भरल्या तर १४-१५ घनमीटरमध्येच वजनाची मर्यादा गाठली जाते आणि वरची अर्धी जागा रिकामी जाते. याउलट नुसते कमोड भरले तर कंटेनर छतापर्यंत भरूनही वजन जेमतेम पाच टन होते. म्हणजे खाली जड आणि वर हलका माल घालून दोन्ही एकाच भाड्यात नेणे मुळात किफायतशीर आहे, आणि यादीतील टाइल्स, कमोड, नळ, दारे व दिवे यांची जोडी त्या दृष्टीने उत्तम जमते.

अडचण उरलेल्या वस्तूंची आहे. फरशीच्या टाइल्स चौरस मीटरला २० किलो धरल्या तर १२ टन, भिंतीच्या १५ किलो धरल्या तर सव्वापाच टन, ग्रॅनाइट जवळपास तीन टन, दारे दोन टन, चिकट मिश्रण चार टन, रंग एक टनाहून थोडा अधिक आणि न्हाणीघरांचे सामान व दिवे मिळून दीड टन. बेरीज २८ टनांच्या पुढे जाते आणि घनफळही ३० च्या आसपास पोहोचते. वजन आणि जागा दोन्ही एकाच वेळी संपतात, म्हणून काहीतरी वगळावेच लागेल. माझ्या मते चिकट मिश्रण सर्वप्रथम वगळावे. ते सिमेंटचे असते, ओल लागली की पोत्यातच घट्ट होते, त्याला वापराची मुदत असते, आणि चार टन वजनाच्या मानाने त्याची किंमत फार थोडी असते. ज्या मालाची किंमत त्याच्या वाहतुकीच्या खर्चाच्या आसपास येते, तो समुद्र ओलांडून नेऊ नये.

४० फुटी कंटेनरने हा प्रश्न सुटणार नाही. त्यात जागा दुप्पट मिळते, परंतु त्याचे रिकामे वजन जास्त असल्यामुळे माल साडेसव्वीस टनांच्या आसपासच नेता येतो. उरलेला माल अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या भागीदारी कंटेनरने सुटा पाठवण्याचा मोह होईल, पण तेथे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारतात, त्यामुळे ग्रॅनाइट किंवा पोती तशी पाठवणे सर्वांत महाग पडते.

कंटेनर मोरबीकडेच भरावा. सतरा टन टाइल्स सुमारे सातशे किलोमीटर दक्षिणेकडे आणण्यापेक्षा दोन टन दारे भोसरीहून टेम्पोने वर नेणे केव्हाही सोपे आहे. कमोड आणि नळ थानगढ, मोरबी, जामनगर याच पट्ट्यात मिळतात. जहाजासाठी तेथून मुंद्रा बंदर जवळ पडते आणि केनियाच्या मोंबासा बंदराला माल तेथूनही जातो.

निर्यातदार एकच असावा. आयात-निर्यात कोड आणि जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी निर्यातदार पाचही विक्रेत्यांकडून स्वतःच्या नावावर माल विकत घेतो आणि आपल्याला एकच निर्यात बीजक देतो. अशा निर्यातदाराला ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनांनुसार विक्रेत्याकडून ०.१ टक्के जीएसटीने माल घेता येतो, पण त्यातील दोन अटी आपल्या बाबतीत नेमक्या लागू होतात. विक्रेत्याच्या बीजकापासून ९० दिवसांच्या आत माल देशाबाहेर जावा लागतो. आणि अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र करायचा असेल तर तो आधी नोंदणीकृत गोदामात यावा लागतो व तेथून बंदरावर जावा लागतो. ‘दारे टेम्पोने थेट टाइल्सच्या कारखान्यात नेऊन तिथेच भरून टाकू’ ही सोय या सवलतीत सहजासहजी बसत नाही. ज्यांना कारखान्यातच भरायचे असते ते पूर्ण कर भरून नंतर परतावा मागतात. यातले काय करणार, हे निर्यातदाराला दारांची ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावे, कारण ९० दिवस पहिल्या बीजकापासून मोजले जातात आणि दारे तयार व्हायला उशीर झाला तर टाइल्सच्या सवलतीवर गदा येते.

मोरबीत लोडिंग पाहणारा

वरील हिशेब योग्य आहे. मी रोज कंटेनर भरून घेण्याचे काम करतो, म्हणून प्रत्यक्ष भरण्याविषयी लिहितो.

पहिला निर्णय टाइल्स पॅलेटवर घ्यायच्या की सुट्या खोक्यांनी, हा आहे. पॅलेटवरचा माल येथे फोर्कलिफ्टने झटपट भरला जातो, परंतु किआंबूच्या आपल्या जागेवर फोर्कलिफ्ट नसेल आणि कंटेनर ट्रेलरवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर उभा असेल, तर आतल्या टोकाचे टनभर वजनाचे पॅलेट दारापर्यंत ओढायचे कसे? तेथे हमालांनीच उतरवायचे असल्यास सुटी खोकी मागा. ६०० बाय ६०० च्या चार टाइल्सचे खोके २८ किलोंच्या आसपास असते आणि ते एका माणसाला उचलता येते. भरायला वेळ लागतो, मजुरी थोडी जास्त पडते, पण लाकडी पॅलेटचे वजन आणि जागा वाचते.

टाइलचे खोके आडवे झोपवू नका, कडेवर उभे ठेवा. टाइल कडेवर मोठा भार सहज पेलते. आडवी ठेवली आणि खालचा तळ किंचित असमान असला की हादऱ्याने मधोमध तडकते. आपल्या दोन्ही मापांची खोकी कंटेनरच्या संपूर्ण तळावर सारख्या उंचीने लावली तर थर साधारण ८० सेंटीमीटरचा होतो. हा थर पुढच्या भिंतीपासून दारापर्यंत सलग असावा. काही जण टाइल्स अर्ध्या लांबीत उंच रचून उरलेल्या अर्ध्यात कमोड ठेवतात, कारण तसे भरणे सोपे जाते. परंतु तसे केले की सगळे वजन एका टोकाला येते, क्रेनने उचलताना कंटेनर तिरका होतो आणि रस्त्यावर ट्रेलरच्या एकाच बाजूच्या आसांवर भार पडतो. निम्म्या लांबीत एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक माल नसावा, हा आमच्या कामातला जुना दंडक आहे.

टाइल्सच्या थरावर १२ मिलिमीटरचे प्लायवूड अंथरावे म्हणजे वरचा माल खोक्यांच्या कडांवर टेकत नाही. दारे २.१ मीटर लांबीची असतील तर ती कंटेनरच्या रुंदीत आडवी बसतात. २५-२५ दारांच्या दोन थप्प्या प्लायवूडवर सपाट रचल्या तर लांबीतले जेमतेम १.८ मीटर जातात आणि थप्पीची उंची ९० सेंटीमीटरच्या आत राहते. दारे भिंतीला तिरकी टेकवून कधीही नेऊ नयेत. प्रवासात ती वाकतात आणि चौकटीत बसवताना त्रास देतात. उरलेल्या चार मीटर लांबीत कमोड, बेसिन आणि दिवे ठेवावेत. कमोडच्या खोक्यांवर किती थर चालतील हे छापलेले असते, ते पाळावे. नळांची खोकी लहान, महाग आणि सहज उचलून नेण्याजोगी असतात, म्हणून ती आतल्या टोकाला जावीत. सर्वांत शेवटी, दारासमोर रिकामी जागा राहणार नाही अशा रीतीने लाकडी आडण्या लावाव्यात, नाहीतर तिकडे दार उघडताच वरची खोकी उघडणाऱ्याच्या अंगावर येतात.

आणखी दोन गोष्टी. कंटेनर भरण्यापूर्वी एका माणसाने आत उभे राहून दारे बंद करून घ्यावीत. कोठूनही उजेडाची तिरीप दिसली तर तो कंटेनर परत करावा, कारण तेथूनच पाणी येते. आणि टाइलच्या प्रत्येक खोक्यावर शेड व कॅलिबर छापलेले असते. रंगछटा आणि नेमके माप यांत प्रत्येक भट्टीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून एका सदनिकेची सगळी खोकी एकाच शेडची आणि एकाच कॅलिबरची आहेत हे दिरांनी भरतेवेळी स्वतः उभे राहून पाहावे. नैरोबीत फरशी अंथरल्यावर हा फरक दिसला तर करण्यासारखे काही उरत नाही. फुटतुटीसाठी पाच ते आठ टक्के जादा टाइल्स त्याच शेडमधून घ्याव्यात; नंतर त्या मिळतीलच असे नाही.

मोंबासावासी

मी मोंबासाला माल सोडवण्याच्या व्यवसायात आहे. वरच्या दोघांनी भारताची बाजू सांगितली, मी उतरवण्याच्या बाजूविषयी सांगतो, कारण मिश्र कंटेनर बहुतेक वेळा येथे अडकतो.

केनियात येणाऱ्या बांधकाम साहित्याला केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या योजनेखाली, माल निघण्यापूर्वीच, भारतात तपासणी करून अनुरूपता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्युरोने नेमलेली तपासणी कंपनी चाचणी अहवाल पाहते आणि माल भरण्याच्या वेळी येऊन तो यादीशी ताडून पाहते. ही तपासणी वस्तूनिहाय होते. टाइल्सचे अहवाल मोरबीच्या बहुतेक निर्यातक्षम कारखान्यांकडे तयार असतात, कमोड व नळांचेही मिळतात. अडचण दिव्यांची येते. एखाद्या बाजारपेठेतून पाच प्रकारचे पाच बनावटींचे दिवे उचलले तर त्या प्रत्येकाचा अहवाल कोठून आणणार? आणि दिव्यांचे प्रमाणपत्र नसेल तर टाइल्सही त्यांच्यासोबत बंदरात थांबतात, कारण सील एकच, कंटेनर एकच आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावतीही, एकच. बंदराचे साठवणूक शुल्क आणि शिपिंग कंपनीचे कंटेनरभाडे मात्र दररोज चढत राहते. म्हणून ज्याचा चाचणी अहवाल ऑर्डर देण्यापूर्वी हातात येत नाही, ती वस्तू या कंटेनरमध्ये घालूच नये, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.

आयात घोषणापत्र माल निघण्यापूर्वी भरावे लागते. त्यात, बीजकात, पॅकिंग लिस्टमध्ये आणि प्रमाणपत्रात वस्तूंची नावे, संख्या आणि सीमाशुल्काचे वर्गीकरण एकसारखे असावे. टाइल्स ६९०७, चिनीमातीचे कमोड व बेसिन ६९१०, नळ ८४८१, लाकडी दारे ४४१८ आणि दिवे ९४०५ या शीर्षकांखाली येतात आणि प्रत्येकाचा शुल्कदर निराळा असतो. ‘विविध बांधकाम साहित्य’ असे मोघम वर्णन आणि सर्वांची मिळून एक किंमत लिहिलेले बीजक आमच्याकडे आले की अधिकाऱ्याला संपूर्ण कंटेनर रिकामा करून पाहण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. वस्तूनिहाय नग, निव्वळ वजन, एकूण वजन आणि किंमत असलेली पॅकिंग लिस्ट, तिच्यासोबत कोणता माल कंटेनरच्या कोणत्या भागात आहे याचा साधा आराखडा, आणि प्रत्येक प्रकारचे एकेक खोके दाराजवळ, एवढे असेल तर तपासणी पुष्कळदा दाराशीच आटोपते.

दारांच्या थप्प्यांखाली किंवा आडण्यांसाठी कच्चे लाकूड वापरले तर त्यावर उष्णता प्रक्रियेची आंतरराष्ट्रीय मोहर असली पाहिजे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर किमान ३० मिनिटे तापवलेले असते, त्याची ती खूण असते. प्लायवूडला हा नियम लागू नाही. आणि बिल ऑफ लेडिंग मोंबासापर्यंत न करता नैरोबीच्या एम्बाकासी येथील अंतर्देशीय आगारापर्यंत करून घेण्याचा विचार करावा. कंटेनर रेल्वेने तेथे जातो आणि तपासणीच्या वेळी आपण स्वतः हजर राहू शकता.

नैरोबीकर

तिघांचेही मनापासून आभार. चिकट मिश्रण येथेच घ्यायचे ठरवले. दिव्यांचे दोनच प्रकार एकाच उत्पादकाकडून घेऊ, आणि अहवाल आधी मागवू.

दोन शंका उरल्या आहेत. ग्रॅनाइटविषयी कोणी स्पष्ट लिहिले नाही. ते घ्यावे की वगळावे? दुसरे, चिकट मिश्रण काढल्यामुळे वजन मोकळे झाले आहे, तर रंग आणि पॉलिश ठेवता येतील का? शिवाय विमा भारतात उतरवावा की येथे, याबाबतही मार्गदर्शन व्हावे.

मुंबईचा सर्वेक्षक

मी जहाजाने येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या नुकसानीचे सर्वेक्षण करतो, त्यामुळे माझे मत थोडे कठोर वाटेल.

रंगाविषयी आधी. पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग सहसा धोकादायक मालात मोडत नाही, परंतु तेलरंग, थिनर आणि लाकडाचे पॉलिश हे ज्वलनशील द्रव आहेत आणि सागरी नियमांत ते वर्ग ३, संयुक्त राष्ट्र क्रमांक १२६३ खाली येतात. त्यातला एक डबा जरी कंटेनरमध्ये गेला तरी संपूर्ण कंटेनर धोकादायक माल म्हणून जाहीर करावा लागतो, त्याचे भाडे, कागदपत्रे आणि जहाजावरची जागा सर्व बदलते. जाहीर न करता नेणे हा तर गंभीर अपराधच आहे. समुद्रात लागलेल्या कंटेनरच्या आगीत त्या जहाजावरच्या खलाशांच्या जिवावर बेतते. येथे मला विशेष काळजी वाटते ती मुद्दाम लपवलेल्या डब्यांची नाही, कोणाच्या ध्यानातही न आलेल्या डब्यांची. नळांच्या विक्रेत्याने सद्भावनेने पीव्हीसी जोडण्याच्या सॉल्व्हंट सिमेंटचे दोन डबे खोक्यात टाकलेले असतात, दारांच्या कारखान्याने ओरखडे झाकण्यासाठी पॉलिशची बाटली दिलेली असते, चौकटी बसवणाऱ्याने फोमचे स्प्रे सुचवलेले असतात. सॉल्व्हंट सिमेंट संयुक्त राष्ट्र क्रमांक ११३३ खाली येते आणि स्प्रेचे डबे १९५० खाली. हे दोन्ही धोकादायक मालच. प्रत्येक विक्रेत्याकडून ‘यात ज्वलनशील द्रव, स्प्रे किंवा बॅटरी नाही’ असे लेखी घ्या. दिव्यांमध्ये आपत्कालीन दिवे असतील तर त्यांतील बॅटऱ्याही विचारात घ्या. पाण्याचा रंग नैरोबीत तयार होतो, तो तेथेच घ्यावा.

ग्रॅनाइट वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओट्याचे नेमके माप भिंतींना गिलावा आणि टाइल्स लागल्यावरच कळते, आणि भारतातून कापून नेलेला तुकडा दोन सेंटीमीटर आखूड निघाला तर तो वाया जातो. नैरोबीत भारतीय ग्रॅनाइट कापून देणारे पुष्कळ आहेत. पूर्ण लाद्या न्यायच्या म्हटल्या तर लाकडी घोड्यावर, म्हणजे तिरक्या आधार-चौकटीवर, उभ्या बांधून न्याव्या लागतात, आणि त्या उतरवताना बंध सोडले की लाद्या एकदम कलतात. कंटेनरची भिंत आणि लाद्या यांच्या फटीत उभ्या असलेल्या माणसाला पळायला जागाच नसते. अशा अपघातांत अनेक देशांत कामगार दगावले आहेत. क्रेन, योग्य पट्टे आणि सराईत माणसे नसतील त्या ठिकाणी हा माल मागवू नये.

विमा केनियातच उतरवावा लागेल; तेथील कायद्याप्रमाणे आयात मालाचा सागरी विमा स्थानिक परवानाधारक कंपनीकडून घ्यायचा असतो. म्हणून विक्रेत्यांकडून विम्यासह दर मागू नका. विमा घेताना ‘ए’ कलमांची (इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’) व्यापक पॉलिसी मागा आणि टाइल्स व कमोड यांच्या फुटीला ती लागू आहे का, किती रक्कम आपल्याला सोसावी लागेल, हे वेगळे विचारा, कारण ठिसूळ मालाच्या बाबतीत फूट बहुधा वगळलेली असते. व्यापक पॉलिसीतही अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मिश्र कंटेनरच्या दाव्यांत वाद बहुतेक वेळा याच मुद्द्यावर होतो, आणि तेव्हा भरताना घेतलेली छायाचित्रे निर्णायक ठरतात: रिकामा कंटेनर, टाइल्सचा पूर्ण थर, प्लायवूड, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला आणि शेवटी आडण्या लावलेले दार.

ओलाव्याचेही पाहा. टाइल्सना ओलाव्याने काही होत नाही, पण त्यांची पुठ्ठ्याची खोकी पावसाळ्यात कारखान्याच्या अंगणात भिजलेली असतील तर तेच पाणी प्रवासात वाफ होऊन छताला लागते आणि थेंबाथेंबाने दारांवर गळते. दारे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असावीत आणि कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या ओलशोषक पिशव्या टांगाव्यात.

उरणचा फॉरवर्डर

सर्वेक्षक साहेबांशी मी ग्रॅनाइटबाबत पूर्ण सहमत नाही. २ मीटर बाय ६० सेंटीमीटरचे कापलेले तुकडे ५८ किलोंच्या आसपास भरतात आणि ते पक्क्या पेटीत उभे ठेवून आम्ही नीट पाठवले आहेत. परंतु ताईंच्या इमारतीत गिलावा अजून व्हायचा आहे असे दिसते, त्यामुळे मापांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि या खेपेपुरते ग्रॅनाइट वगळणेच बरे.

मग उरते ते असे: टाइल्स सव्वासतरा टन, दारे दोन टन, न्हाणीघरांचे सामान आणि दिवे दीड टन, प्लायवूड व आडण्या अर्धा टन, एकूण सव्वाएकवीस टनांच्या आसपास आणि २४-२५ घनमीटर. हे २० फुटी कंटेनरमध्ये आरामात बसते. उरलेल्या वजनात आणखी काही भरण्याचा विचार मनात आला तर फक्त टाइल्सच वाढवा, म्हणजे प्रमाणपत्राच्या यादीत नवी वस्तू येणार नाही.

१ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाजावर चढवण्यापूर्वी जाहीर करावे लागते. मिश्र मालात प्रत्येक खोक्याचे वजन मिळवून बेरीज करण्याच्या पद्धतीत हमखास फरक पडतो. त्याऐवजी भरलेला कंटेनर काट्यावर तोलून घ्यावा. काट्याची पावती आणि सीलचा क्रमांक स्पष्ट दिसेल असे दाराचे छायाचित्र दिरांनी त्याच दिवशी आपल्याला पाठवावे, आणि बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यावरील कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि नगांची संख्या त्याच्याशी जुळल्याशिवाय मसुद्याला मंजुरी देऊ नये. नगांच्या जागी ‘एक कंटेनर’ असे लिहिलेले दिसले तर ते बदलून खोक्यांची आणि दारांची खरी संख्या लिहून घ्यावी. नुकसान झाल्यास जहाज कंपनीची भरपाई नगावर मोजण्याची वेळ आली तर ती याच आकड्यावरून मोजतात.